दोन प्रादेशिक विमानतळांमधील अंतर आणि उड्डाणाचा वेळ कसा काढावा

दोन विमानतळांमधले अंतर किती आणि विमानाला तिथे पोहोचायला वेळ किती लागेल, या प्रश्नांची उत्तरे बहुतेक जण एकाच दमात काढतात. नकाशावर अंतर पाहायचे, त्याला विमानाच्या वेगाने भागायचे आणि मोकळे व्हायचे. आठ-दहा तासांच्या प्रवासात हा हिशेब बऱ्यापैकी जुळतो. मात्र ४००-५०० किलोमीटरवरच्या दोन लहान विमानतळांच्या बाबतीत तो हमखास फसतो, कारण अशा उड्डाणात विमान पूर्ण वेगाने जाते तो काळ थोडा असतो आणि चढण्यात, उतरण्यात व जमिनीवर फिरण्यात जाणारा वेळ त्या मानाने मोठा असतो. पुढील पद्धतीसाठी कागद, कॅल्क्युलेटर आणि दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश एवढेच लागते. पहिल्या वेळी अर्धा तास जाईल, नंतर दहा मिनिटांत काम होते.

पहिली पायरी: विमानतळ नेमका कोणता, हे ठरवावे

ही पायरी क्षुल्लक वाटते, पण मोठ्या चुका इथेच होतात. शहराचे नाव पुरेसे नसते, कारण एकाच नावाची शहरे जगात अनेक आहेत आणि एकाच शहराला अनेक विमानतळही असतात. ऑस्ट्रेलियातल्या सिडनीचा संकेत ‘एसवायडी’ आहे, तर कॅनडाच्या नोव्हा स्कोशिया प्रांतातल्या सिडनीचा ‘वायक्यूवाय’. इंग्लंडमधले बर्मिंगहॅम ‘बीएचएक्स’ आणि अमेरिकेच्या अलाबामा राज्यातले ‘बीएचएम’. एका अक्षराच्या फरकाने महासागर ओलांडला जातो.

प्रत्येक विमानतळाला दोन संकेत असू शकतात. तिकिटावर आणि सामानाच्या पट्टीवर दिसतो तो तीन अक्षरांचा संकेत ‘आयाटा’ या विमान कंपन्यांच्या संघटनेचा असतो. वैमानिक आणि हवाई वाहतूक नियंत्रक वापरतात तो चार अक्षरांचा संकेत ‘आयकाओ’ या आंतरराष्ट्रीय संस्थेचा असतो. लंडनचा हीथ्रो विमानतळ तिकिटावर ‘एलएचआर’ असतो, पण उड्डाण आराखड्यात तोच ‘ईजीएलएल’ होतो. अगदी लहान विमानतळांना कधी कधी तीन अक्षरी संकेत नसतोच, तेव्हा चार अक्षरी संकेतावरूनच शोध घ्यावा. या संकेताचे सुरुवातीचे अक्षर बहुधा प्रदेश सुचवते, त्यामुळे आपण भलत्याच खंडात तर शोधत नाही ना, हेही लगेच लक्षात येते.

आणखी एक गोष्ट म्हणजे शहरांमधले अंतर आणि विमानतळांमधले अंतर ही दोन वेगळी मापे आहेत. विमानतळ शहरापासून ३० किलोमीटर दूर असेल, तर लांबच्या प्रवासात तो फरक जाणवत नाही, पण ४०० किलोमीटरच्या हिशेबात चांगलाच दिसतो.

दुसरी पायरी: अक्षांश-रेखांश दशांशात लिहून घ्यावेत

विमानतळाची जागा सांगताना धावपट्ट्यांच्या मध्याजवळचा एक ठरावीक बिंदू धरतात, त्याला विमानतळाचा संदर्भ बिंदू म्हणतात. त्याचे अक्षांश-रेखांश देशोदेशींच्या अधिकृत वैमानिक माहिती-पुस्तिकांत दिलेले असतात. १ जानेवारी १९९८ पासून नागरी विमान वाहतुकीत यासाठी ‘डब्ल्यूजीएस-८४’ ही एकच मोजणीपद्धत प्रमाण मानली जाते, त्यामुळे दोन वेगळ्या देशांचे आकडे एकत्र वापरताना काळजीचे कारण उरत नाही.

काळजी घ्यायची ती अंश-मिनिटांची. ४०°५४′ म्हणजे ४०.५४ नव्हे. ५४ मिनिटांना ६० ने भागले की ०.९ येतात, म्हणून ते ४०.९ अंश झाले. ही चूक ०.३६ अंशांची आहे आणि उत्तर-दक्षिण दिशेत तिचे सुमारे ४० किलोमीटर होतात. उत्तर अक्षांश आणि पूर्व रेखांश धन, तर दक्षिण आणि पश्चिम ऋण लिहावेत. एक विमानतळ १७९° पूर्वेला आणि दुसरा १७९° पश्चिमेला असेल, तर त्यांच्या रेखांशांतला फरक ३५८ अंश नसून २ अंश आहे, एवढे ध्यानात ठेवावे.

तिसरी पायरी: सरळ अंतर काढावे

पृथ्वीच्या पृष्ठभागावर दोन बिंदूंमधला सर्वांत जवळचा मार्ग बृहद्वृत्तावरून जातो. पृथ्वीगोलावर दोन ठिकाणांमध्ये दोरा ताणून धरला, तर तो आपोआप ज्या रेषेत बसतो, ती ही रेषा. सपाट नकाशावर ती वाकडी दिसते आणि नवख्या माणसाला वैमानिक उगाच वळसा घेतो असे वाटते. परंतु पाच-सातशे किलोमीटरच्या आत हा बाक नगण्य असतो, त्यामुळे प्रादेशिक विमानतळांसाठी त्याची चिंता करण्याचे कारण नाही आणि शाळेतल्या काटकोन त्रिकोणाच्या गणितावरही काम भागते.

उदाहरणादाखल पहिला विमानतळ ४०°१२′ उत्तर, १५°१८′ पूर्व आणि दुसरा ४३°०६′ उत्तर, १९°३०′ पूर्व येथे आहे असे समजू. दशांशात पहिला ४०.२ आणि १५.३, तर दुसरा ४३.१ आणि १९.५ होतो. अक्षांशांतला फरक २.९ अंश आहे आणि अक्षांशाचा एक अंश सुमारे १११.२ किलोमीटरचा असतो, म्हणून उत्तर-दक्षिण अंतर ३२२.५ किलोमीटर आले. रेखांशांतला फरक ४.२ अंश आहे, मात्र रेखांशाचा अंश विषुववृत्तावरच १११ किलोमीटरचा असतो आणि ध्रुवांकडे जाताना तो आक्रसत जातो. ६० अंश अक्षांशावर तो निम्माच उरतो. त्यासाठी दोन्ही अक्षांशांची सरासरी, म्हणजे ४१.६५ अंश, घेऊन तिचा कोसाइन काढावा. तो ०.७४७२ येतो. ४.२ × १११.२ × ०.७४७२ = ३४९ किलोमीटर, हे पूर्व-पश्चिम अंतर. आता दोन्हींच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढले की सुमारे ४७५ किलोमीटर मिळतात.

ज्यांना गोलाचे काटेकोर गणित करायचे आहे, त्यांनी हॅवरसाइनचे सूत्र वापरावे. अक्षांशांच्या फरकाच्या निम्म्या कोनाच्या साइनचा वर्ग घ्यावा. त्यात दोन्ही अक्षांशांचे कोसाइन आणि रेखांशांच्या फरकाच्या निम्म्या कोनाच्या साइनचा वर्ग यांचा गुणाकार मिळवावा. त्या बेरजेच्या वर्गमूळाचा व्यस्त साइन काढून त्याला २ ने आणि मग पृथ्वीच्या ६३७१ किलोमीटर सरासरी त्रिज्येने गुणावे. वरील उदाहरणात या सूत्राचे उत्तरही ४७५ किलोमीटरच येते. संगणकावरच्या तक्त्यात हे सूत्र घालताना अंशांचे रेडियन (कोन मोजण्याचे दुसरे एकक) करायला विसरले, तर उत्तर भलतेच येते. म्हणूनच त्रिकोणाचे सोपे गणित आधी हाताने करून ठेवावे, म्हणजे चूक लगेच उघडी पडते.

पृथ्वी अगदी गोल नाही. विषुववृत्ताशी तिची त्रिज्या ६३७८ किलोमीटर, तर ध्रुवांशी ६३५७ किलोमीटर आहे. गोल धरल्याने होणारी चूक अर्ध्या टक्क्याच्या आसपास थांबते, म्हणजे आपल्या उदाहरणात फार तर दोन-अडीच किलोमीटर. उड्डाणाच्या वेळेत तिचे पुरते अर्धे मिनिटही होत नाही.

विमान वाहतुकीत अंतर नॉटिकल मैलात आणि वेग नॉटमध्ये सांगतात. एक नॉटिकल मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर, आणि तासाला एक नॉटिकल मैल म्हणजे एक नॉट. आपले ४७५ किलोमीटर म्हणजे सुमारे २५६ नॉटिकल मैल होतात. रस्त्यावरचा मैल १.६०९ किलोमीटरचा असतो. कोठे नुसते ‘मैल’ लिहिलेले दिसले, तर कोणते मैल हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये.

चौथी पायरी: प्रत्यक्ष उडायचे अंतर धरावे

सरळ रेषेवरून विमान क्वचितच जाते. विमान धावपट्टीच्या दिशेनेच उडते आणि धावपट्टीच्या दिशेनेच उतरते, आणि ही दिशा शक्यतो वाऱ्याच्या विरुद्ध ठेवली जाते. धावपट्टीवर रंगवलेला आकडा म्हणजे तिची चुंबकीय दिशा भागिले दहा. ‘०९’ म्हणजे पूर्वेकडे आणि तीच पट्टी उलट बाजूने ‘२७’ म्हणजे पश्चिमेकडे. जायचे पश्चिमेला आणि उड्डाण मात्र ०९ वरून, असे झाले की विमानाला आधी उलट दिशेने जाऊन वळावे लागते. पुढे ठरलेले हवाई मार्ग, लष्करासाठी राखीव आकाश, उंच डोंगर आणि ढगांचे गडगडाटी पट्टे यांमुळे आणखी वाकडे जावे लागते.

ही भर मोजण्याचे नेमके सूत्र नाही. मी स्वतः ५०० किलोमीटरच्या आतबाहेरच्या अंतरासाठी सरसकट ३५ किलोमीटर मिळवतो, आणि मध्ये डोंगररांग किंवा निर्बंधित क्षेत्र असेल तर ६० पर्यंत जातो. टक्केवारीपेक्षा ठोक भर बरी, कारण निघतानाचा आणि उतरतानाचा वळसा प्रवासाच्या लांबीवर फारसा अवलंबून नसतो. आपल्या उदाहरणात उडायचे अंतर ५१० किलोमीटर धरू.

पाचवी पायरी: हवेतला वेळ तुकड्यांनी काढावा

प्रथम विमानाचा प्रकार पाहावा, तो बहुधा तिकिटावर किंवा वेळापत्रकात दिलेला असतो. लहान विमानतळांवर पंख्याची, म्हणजे टर्बोप्रॉप विमाने पुष्कळ असतात. एटीआर ७२-६०० चा क्रूझ वेग, म्हणजे ठरलेल्या उंचीवर सरळ जातानाचा वेग, सुमारे २७५ नॉट, म्हणजे ताशी ५१० किलोमीटर आहे. डॅश ८ क्यू-४०० त्याहून बरेच वेगवान, सुमारे ३६० नॉटांचे. प्रादेशिक जेट विमाने ४५० नॉटांच्या आसपास, म्हणजे ताशी ८३० किलोमीटरपर्यंत जातात, पण कमी अंतरात ती तेवढी उंची आणि वेग गाठतातच असे नाही.

आता उड्डाणाचे तीन तुकडे करावेत. समजा टर्बोप्रॉप २०,००० फुटांवर जाणार आहे. चढायला १८ मिनिटे धरली, तर त्या काळात ते साधारण ११० किलोमीटर पुढे सरकते, कारण चढताना वेग क्रूझपेक्षा बराच कमी असतो. उतरण्यासाठी वैमानिकांचा एक जुना ठोकताळा आहे: दर १,००० फुटांना तीन नॉटिकल मैल. २०,००० फुटांसाठी ६० नॉटिकल मैल, म्हणजे १११ किलोमीटर आधीपासून उतरायला सुरुवात होते आणि त्यात १५ मिनिटे जातात. राहिलेले सुमारे २९० किलोमीटर ताशी ५०० च्या वेगाने ३५ मिनिटांत पार होतात. शेवटी धावपट्टीच्या रेषेत येऊन चाके आणि फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेच्या झडपा) खाली करून सावकाश येण्यासाठी ५ मिनिटे. एकूण ७३ मिनिटे.

हेच जेट विमानासाठी करून पाहावे. ३०,००० फुटांपर्यंत चढायला १८ मिनिटे आणि १९० किलोमीटर. उतरायला ९० नॉटिकल मैल, म्हणजे १६७ किलोमीटर आणि १७ मिनिटे. मध्ये उरतात १५३ किलोमीटर, जे ताशी ८०० ने १२ मिनिटांत संपतात. शेवटची ५ मिनिटे तीच. एकूण ५२ मिनिटे. म्हणजे जेट पूर्ण वेगाने जाते ते फक्त बारा मिनिटे. वेग दीडपटीहून अधिक असूनही बचत होते ती २१ मिनिटांची, आणि अंतर आणखी कमी झाले की तीही घटत जाते. कमी अंतरावर टर्बोप्रॉप टिकून आहेत, त्याचे एक कारण इथे दिसते. दुसरे कारण इंधनाचे आहे.

एवढे तुकडे दर वेळी करायचे नसतील, तर उडायच्या अंतराला क्रूझ वेगाने भागून बारा-तेरा मिनिटे मिळवावीत. ५१० भागिले ५०० म्हणजे ६१ मिनिटे, अधिक १२, बरोबर ७३.

सहावी पायरी: जमिनीवरची मिनिटे मिळवावीत

वेळापत्रकात दिसतो तो वेळ हवेतला नसतो. चाकांखालचे अडसर काढून विमान जागेवरून हलते, तेव्हापासून दुसऱ्या विमानतळावर ते पुन्हा जागेवर थांबेपर्यंतच्या काळाला ‘ब्लॉक टाइम’ म्हणतात आणि तिकिटावरच्या सुटण्याच्या व पोहोचण्याच्या वेळा त्याच्याच असतात. मोठ्या, गजबजलेल्या विमानतळावर धावपट्टीपर्यंत जायला आणि रांगेत थांबायला वीस मिनिटे सहज जातात. लहान विमानतळावर रांग नसते, तरीही वेळ शून्य होत नाही. तिथे अनेकदा धावपट्टीला समांतर टॅक्सीवे, म्हणजे विमानांना जमिनीवर ये-जा करण्याचा वेगळा रस्ता, नसतो, त्यामुळे विमान मध्येच कोठेतरी धावपट्टीवर शिरते, तिच्यावरूनच सावकाश शेवटच्या टोकापर्यंत जाते, तिथल्या रुंद भागात जागच्या जागी उलटे वळते आणि मग निघते. याला बॅकट्रॅक म्हणतात. तोवर ती धावपट्टी दुसऱ्या कोणालाही वापरता येत नाही, त्यामुळे उतरायला आलेले विमान आकाशात घिरट्या घालत राहते. अशा घिरटीचा एक प्रमाण फेरा चार मिनिटांचा असतो: दोन वळणे प्रत्येकी एक मिनिट आणि दोन सरळ बाजू प्रत्येकी एक मिनिट.

साधारण आपल्या उदाहरणाएवढ्याच अंतराच्या एका टर्बोप्रॉप प्रवासात मी खिडकीशी बसून वेळा टिपल्या होत्या. दार बंद १०:०५, विमान हलले १०:११, बॅकट्रॅक करून चाके सुटली १०:२०, चाके टेकली ११:२९, विमान जागेवर थांबले ११:३४. हवेतला वेळ ६९ मिनिटे आणि ब्लॉक टाइम ८३ मिनिटे झाला, तर तिकिटावर लिहिलेला वेळ होता ९५ मिनिटांचा. ही वरची बारा मिनिटे म्हणजे विमान कंपनीने उशीर झालाच तर सांभाळून घ्यावा म्हणून आधीच ठेवलेली जागा. म्हणून तिकिटावरच्या वेळेवरून उलटा हिशेब करून विमानाचा वेग काढण्याच्या फंदात पडू नये; तो नेहमी कमीच येतो.

नवशिक्याने लहान विमानतळासाठी निघताना ८ आणि पोहोचल्यावर ४ मिनिटे धरावीत. आपल्या उदाहरणात ७३ अधिक १२, म्हणजे ८५ मिनिटे, अर्थात १ तास २५ मिनिटे.

सातवी पायरी: वाऱ्याचा हिशेब

विमानाचा क्रूझ वेग हवेच्या संदर्भात असतो आणि हवा स्वतःच वाहत असते. ५१० किलोमीटर ताशी ५०० ने ६१ मिनिटांत होतात. पाठीमागून ताशी ८० किलोमीटरचा वारा असेल, तर जमिनीवरचा वेग ५८० होऊन ५३ मिनिटे लागतात. तोच वारा समोरून असेल, तर वेग ४२० वर येतो आणि ७३ मिनिटे लागतात. जाऊन-येऊन १२६ मिनिटे होतात, वारा नसताना ती १२२ होती. जाताना मिळालेल्या फायद्याने येतानाचा तोटा पूर्णपणे भरून निघेल असे पुष्कळांना वाटते, पण तसे होत नाही, कारण समोरच्या वाऱ्यात विमान जास्त वेळ राहते. आडवा वारा त्या मानाने निरुपद्रवी असतो: ताशी ८० किलोमीटरच्या अगदी काटकोनातल्या वाऱ्याला तोंड देण्यासाठी विमानाचे नाक थोडे वळवावे लागते आणि प्रगतीचा वेग ५०० वरून ४९३-४९४ एवढाच उतरतो.

मध्य अक्षांशांवर उंच आकाशात वारे मुख्यतः पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. त्यामुळे तिथे एकाच मार्गाच्या पूर्वेकडच्या आणि पश्चिमेकडच्या उड्डाणांचे वेळ वेगळे छापलेले दिसले, तर ती छपाईची चूक नव्हे.

आठवी पायरी: घड्याळे एकाच वेळेवर आणावीत

सुटण्याची वेळ सुटण्याच्या ठिकाणची आणि पोहोचण्याची वेळ पोहोचण्याच्या ठिकाणची असते. आपल्या दुसऱ्या विमानतळावरून पहिल्याकडे परतताना तिकिटावर सुटणे १४:२० आणि पोहोचणे १४:४५ असे दिसले, तर पंचवीस मिनिटांत विमान पोहोचले असा अर्थ होत नाही. दुसरे ठिकाण यूटीसीच्या (जगभर प्रमाण धरल्या जाणाऱ्या वेळेच्या) दोन तास पुढे आणि पहिले एक तास पुढे आहे असे समजू. १४:२० म्हणजे १२:२० यूटीसी, आणि १४:४५ म्हणजे १३:४५ यूटीसी. फरक १ तास २५ मिनिटे. नुसती बेरीज-वजाबाकी मनात करण्यापेक्षा दोन्ही वेळा यूटीसीत लिहून काढाव्यात, कारण काही देशांचा फरक अर्ध्या किंवा पाऊण तासाचा असतो आणि काही देश उन्हाळ्यात घड्याळे तासभर पुढे करतात.

नववी पायरी: थेट विमान नसेल तर

दोन प्रादेशिक विमानतळांमध्ये थेट सेवा नसणे हे नेहमीचेच आहे. तेव्हा मधल्या मोठ्या विमानतळापर्यंतचा आणि तिथून पुढचा, असे दोन टप्पे वेगवेगळे मोजावेत. पहिला टप्पा ५२० आणि दुसरा ६१० किलोमीटरचा असेल, तर सरळ ४७५ किलोमीटरच्या जागी ११३० किलोमीटर होतात. वरच्याच पद्धतीने ब्लॉक टाइम सुमारे १ तास ३० मिनिटे आणि १ तास ४० मिनिटे येतो, आणि चढणे, उतरणे, जमिनीवर फिरणे हे सगळे दोनदा मोजावे लागते. त्यात मधल्या विमानतळावरचे दोन तास धरले की एकूण ५ तास १० मिनिटे.

प्रत्येक विमानतळ दोन विमानांमध्ये किमान किती वेळ हवा हे ठरवून देतो. एकाच तिकिटावर दोन्ही टप्पे असतील, तर आरक्षण करतानाच ही अट पाहिली जाते. दोन वेगळी तिकिटे काढली असतील, तर ती कोणी पाहत नाही, म्हणून सामान परत घेऊन पुन्हा देण्याचा आणि दुसऱ्यांदा सुरक्षा तपासणीचा वेळ स्वतःच मिळवावा, आणि पहिले विमान वेळापत्रकातल्या वेळेपेक्षा पंधरा मिनिटे उशिरा येईल असे धरूनच दुसरे निवडावे, कारण तेवढा उशीर विमान वाहतुकीत सर्रास ‘वेळेवर’ म्हणूनच मोजला जातो.